छापा एका दिवसाचा, हिशेब तीन वर्षांचा

आमच्या संस्थेच्या जुन्या रोजकीर्दीत एक नोंद आहे : ‘मुलांचा नाश्ता, पोहे-जिलेबी, १४ प्लेट.’ दप्तरं शिवणाऱ्या एका कारखान्यावर छापा पडला, त्या सकाळची. त्याखालची नोंद थेट अकरा दिवसांनंतरची, तीही वीजबिलाची. मधल्या काळात त्या चौदा मुलांवर आम्ही एक रुपया खर्च केला नाही, कारण खर्च करायला मुलंच राहिली नव्हती. नऊ जण आईबापांबरोबर गावी गेले. तिघांना एक काका घेऊन गेला. तो कुणाचाच काका नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता, हे नंतर कळलं. दोघे बालगृहात राहिले. वर्तमानपत्रात मात्र फोटो छान आला होता.

मी इंदुरात या कामाचे हिशेब गेली सतरा वर्षं लिहिते आहे. निवृत्त बँकवाले, डॉक्टर, एखाद्या महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी असे लोक अधूनमधून येतात आणि विचारतात, “बालमजुरीवर काहीतरी करायचंय, पैसे उभे करू, पण सुरुवात कुठून करायची?” त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सरकारकडे अधिकार असतो, पण मुलामागे धावायला माणूस नसतो. दात्याकडे पैसा असतो, पण अधिकार शून्य. दोघांची गाठ जिथे बसते तिथेच मूल निसटतं. म्हणून खालची प्रत्येक पायरी त्या गाठीबद्दलच आहे.

आधी मागचं थोडं, कारण चुका जुन्याच आहेत

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जर्मनीच्या पैशावर बालमजुरीविरोधी कार्यक्रम सुरू केला. पहिल्या सहा देशांत भारत होता. त्याच सुमारास अमेरिकी संसदेत एक विधेयक आलं : मुलांच्या हातचा माल आयात करायचा नाही. विधेयक मंजूर झालंच नाही, पण त्याच्या नुसत्या धाकाने बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांनी हजारो मुलं रातोरात काढून टाकली. ती शाळेत गेली नाहीत. विटा फोडायला, घरकामाला, त्याहून वाईट जागी गेली. मग शहाणपण आलं. ४ जुलै १९९५ ला कारखानदारांची संघटना, श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला : आधी शाळेची जागा तयार करायची, मुलाला महिना ३०० टका द्यायचे, आणि शाळा मिळेपर्यंत त्याला कामावरून काढायचं नाही. शेवटची अट ऐकायला विचित्र वाटते. आमच्या चौदा मुलांनंतर मला ती कळली.

ब्राझीलने १९९६ मध्ये कोळशाच्या भट्ट्यांवरच्या मुलांपासून सुरुवात केली. मूल शाळेत गेलं तर कुटुंबाला पैसे. पण शाळा अर्ध्या दिवसाची, म्हणून त्यांनी उरलेल्या अर्ध्या दिवसासाठीही खेळ-अभ्यासाचे वर्ग काढले. नाहीतर मुलं सकाळी शाळेत आणि दुपारी भट्टीवर गेली असती. दुपारचे हे वर्ग आपल्याकडच्या प्रस्तावांत नेमके गळतात.

आपल्या राज्यातही मोठा प्रयोग झाला. २००० साली भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी निम्मा-निम्मा वाटा घालून चार कोटी डॉलरचा ‘इंडस’ प्रकल्प ठरवला. चार राज्यं आणि दिल्ली मिळून २१ जिल्हे. मध्यप्रदेशातले पाच : दमोह, सागर, जबलपूर, सतना, कटनी. इंदूर त्यात नव्हतं. त्या प्रकल्पाची चांगली गोष्ट म्हणजे वेगळी यंत्रणा उभी न करता १९८८ पासूनच्या राष्ट्रीय बालश्रम प्रकल्पाला तो जोडला होता. आज तो राष्ट्रीय प्रकल्पही २०२१ पासून समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला आहे. म्हणजे सुटलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी आता श्रम खात्यापेक्षा शिक्षण खात्याचा दरवाजा जास्त ठोठावावा लागतो. कित्येक जुन्या संस्थांना हे अजून उमजलेलं नाही. त्या चुकीच्या कार्यालयात अर्ज देत बसतात.

पायरी पहिली : मोजा, पण दोनदा

२०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची सुमारे १ कोटी १ लाख मुलं काम करताना सापडली. जगाचा २०२४ चा अंदाज १३ कोटी ८० लाख, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. आणि दर शंभरातली ६१ शेतीत. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे आकडे शोभून दिसतात, पण त्यांतून तुमच्या गल्लीतलं मूल सापडत नाही.

इंदुरात ते कुठे असतं? दप्तरं आणि तयार कपडे शिवणाऱ्या माळ्यांवर, नमकीनची पाकिटं भरणाऱ्या खोल्यांत, भंगाराच्या गोदामात, लग्नाच्या हंगामात केटरिंगच्या टेम्पोत, बायपासच्या ढाब्यांवर. दिवाळीनंतर झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची कुटुंबं बांधकामावर येतात आणि होळीआधी भगोरियाला परततात. म्हणून एक मोजणी पावसाळ्यात आणि एक जानेवारीत. एकाच मोजणीवर काढलेला आकडा निम्म्या वर्षापुरताच खरा असतो.

मुलाला “काम करतोस का?” असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ असंच येणार, त्याला तसं पढवलेलं असतं. “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?” असं विचारा आणि तासातासाने लिहा. शाळेच्या वेळेत, मंगळवारी-बुधवारी अकरा वाजता, जे मूल रस्त्यावर ग्लास धूत असतं त्याला तर काही विचारायचीही गरज नाही.

आणि आपली घरं. स्वयंपाकघरातली अकरा वर्षांची मुलगी आपल्या मोजणीतून हमखास सुटते, कारण मोजणारे आपणच आणि ती काम करते तेही आपल्याच ओळखीच्या घरात. “अहो, ती घरच्यासारखीच आहे.” तिची शाळा कुठली असं विचारलं की चहाचा दुसरा कप येतो आणि विषय बदलतो. घरकाम आणि ढाबे-हॉटेलांतलं मुलांचं काम १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी असलेल्या यादीत आहे. मंडळाच्या कार्यकारिणीने आपल्या सभासदांची घरं आधी तपासावीत. एका बैठकीत मी हे बोलले, तर त्यानंतर दोन महिने मला तिथे हळदीकुंकवाचंही बोलावणं आलं नाही.

पायरी दुसरी : कायद्यातलं नेमकं लागेल तेवढं

१९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवता येत नाही. अपवाद दोनच : शाळेची वेळ सोडून घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत, आणि काही अटींवर चित्रपट-मालिकांतलं काम. १४ ते १८ च्या किशोरांना खाणी, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि घातक प्रक्रिया वर्ज्य. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे “आधी कोर्टातून आदेश आणा” असं पोलिसांना म्हणता येत नाही. आईबापांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. हे त्यांना आधीच सांगा, निम्मी भीती तिथेच जाते.

‘घरची मदत’ या अपवादाआड बरंच लपतं. बिडी, अगरबत्ती, शिलाईचं काम घरी आणलं की कारखाना घर होतो आणि ठेकेदार मामा.

दुसरा कायदा किशोर न्यायाचा, २०१५ चा. तिथे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘बालक’. मुलाला बांधून ठेवून राबवणाऱ्याला किंवा त्याची कमाई अडकवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. तिसरा, वेठबिगारीचा १९७६ चा. आईबापांनी पेशगी, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली असेल आणि ती फिटेपर्यंत मूल अडकलं असेल तर हा लागतो. उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळालं की केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुलासाठी दोन लाखांची, अतिगंभीर प्रकरणात तीन लाखांची तरतूद आहे. तातडीची मदत लगेच, बाकीची रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली. पेशगीची चौकशी छाप्याच्या दिवशीच झाली नाही तर ती नंतर होत नाही.

भारताने श्रम संघटनेचे किमान वयाचे आणि सर्वांत वाईट प्रकारच्या बालमजुरीचे, असे दोन्ही करार १३ जून २०१७ ला स्वीकारले आहेत. परदेशी दात्यांना हे माहीत असतं. आपल्या अधिकाऱ्यांना आठवण करून द्यावी लागते.

पायरी तिसरी : दात्याच्या आधी मोती तबेला

बहुतेक लोक प्रस्ताव लिहितात, पैसे मिळवतात आणि मग मोती तबेल्यावर, म्हणजे इंदूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. उलटं करा. सरकारचं ‘हो’ हातात नसताना आलेला पैसा वर्षअखेरीला परत करावा लागतो. आम्ही एकदा केला आहे.

मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज देऊन हे काम होत नाही. तिथे तुमच्या आधी जमिनीच्या वादाची साठ माणसं असतात. नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कृती दलाची तरतूद आहे. त्यात पोलीस, श्रम, शिक्षण, महिला व बालविकास, मुलाच्या ताब्याचा निर्णय देणारी बाल कल्याण समिती, विधी सेवा प्राधिकरण असतात, आणि मुलांच्या सुटकेवर काम करणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधींनाही जागा आहे. तुमच्या संस्थेचं नाव त्या जागेसाठी लेखी द्या. बैठक झालीच नसेल तर मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. इतिवृत्त मागितलं की बैठक लागते, असा माझा अनुभव आहे.

इंदूरचा एक फायदा आपण वापरत नाही. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळात नव्हे, आपल्या गावात आहे. जिल्ह्यात अडलेलं पत्र रिक्षाने जाऊन विचारता येतं.

सरकारकडून काय मागायचं? पैसे नकोत, जागाही नको. एका पानाचं पत्र हवं, आणि त्यात चारच गोष्टी : सुटलेल्या मुलाची फाइल कोणत्या पदावरचा माणूस सांभाळेल, शाळेत दाखला किती दिवसांत होईल, कुटुंबाचे प्रायोजनाचे (मुलामागे मिळणाऱ्या सरकारी मासिक मदतीचे) आणि रेशनचे अर्ज कोण पुढे नेईल, आणि तुमच्या कार्यकर्त्याला मुलाला किती वेळा भेटता येईल. पत्रात व्यक्तीचं नाव घालू नका, पद घाला. साहेब बदलतात. आमच्या एका प्रकल्पाच्या तीन वर्षांत तीन जण बदलले, आणि दर वेळी नव्या साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “आप लोग करते क्या हैं?” पत्र पदावर होतं म्हणून काम थांबलं नाही.

पायरी चौथी : पैसा कुणाचा घ्यायचा

परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी. ती सहसा तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात किमान १५ लाख खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही. यातली पुढे देण्यावरची बंदी लहान मंडळांच्या मुळावर आली. पूर्वी दिल्लीची मोठी संस्था अनुदान घ्यायची आणि इंदूर-झाबुआच्या लहान संस्थांना वाटायची. तो रस्ता बंद झाला. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार कोणत्या शीर्षात जातो, हे पहिला हप्ता येण्याआधी सनदी लेखापालाकडून लिहून घ्या.

नवख्या संस्थेने या वाटेला जाऊच नये. आपल्यासाठी सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, बरा. ५ कोटी निव्वळ नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता, यांपैकी एकही असेल त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पीथमपूरला अशा कंपन्या भरपूर. तुमच्याकडे आयकर सवलतीच्या नोंदण्या (‘१२ए’, ‘८०जी’ म्हणतात त्या) आणि सीएसआर घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि संस्थांच्या सरकारी ‘दर्पण’ पोर्टलवर नाव.

सीएसआरचा दोष एकच, तो मार्चमध्ये जागा होतो. एका वर्षी २० मार्चला फोन आला, “दहा दिवसांत काही घेता का? दोनशे दप्तरं देतो.” मी विचारलं, दप्तरं शिवली कुणी? फोनवर शांतता. पुरवठादाराचं नाव कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत. आम्ही दप्तरं घेतली नाहीत, आणि अध्यक्षांनी मला चार दिवस फैलावर घेतलं. तेव्हापासून आमच्या करारात एक कलम असतं : दाता आम्हाला जो माल देईल, त्याचा कारखाना आम्हाला दाखवेल. शक्य तर स्वतःच्या पुरवठादारांची यादीही. कंपनीचा पैसा तिच्याच पुरवठा साखळीतल्या मुलापर्यंत पोहोचला तर निम्मं काम तिथेच होतं. पाकिस्तानात सियालकोटच्या फुटबॉल शिलाईबद्दल फेब्रुवारी १९९७ मध्ये असाच करार झाला होता. घरोघर होणारी शिलाई मोजता येणाऱ्या केंद्रांत आणायची, आणि त्यावर बाहेरच्या माणसांनी लक्ष ठेवायचं.

मार्चच्या फोनला देता येईल असं उत्तरही आहे. प्रकल्प ‘चालू’ म्हणून मंजूर झाला तर न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवू शकते आणि पुढच्या तीन वर्षांत वापरू शकते. दप्तरांऐवजी ही तीन वर्षं मागा.

पायरी पाचवी : अंदाजपत्रक उलटं लिहा

आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात छापा, गाड्या, नाश्ता, पत्रकार परिषद यांवर अर्धा पैसा होता. आता शंभरातले आठ रुपये सुटकेला, सत्तर पुढच्या तीन वर्षांना, उरलेले कार्यालयाला. त्या सत्तरात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा : पंचवीस मुलांमागे एक कार्यकर्ती. दात्याला पगार आवडत नाही, त्याला वस्तू आवडतात, कारण वस्तूवर नाव छापता येतं. इथे वाद घालावा लागतो. मी सरळ विचारते, “बारा दिवस मूल शाळेत आलं नाही, तर त्याच्या घरी कोण जाणार? दप्तर?”

आणखी एक लहान शीर्ष ठेवा : ‘कागदपत्रं’. झेरॉक्स, शपथपत्र, फोटो, लोकसेवा केंद्राचं शुल्क, आईचा बुडालेला रोज. रक्कम किरकोळ, पण ती नसली तर योजनेचे हजारो अडतात.

पायरी सहावी : सुटकेचा दिवस

छापा सरकारचा असतो, तुम्ही सोबत असता. कुलूप तुम्ही तोडायचं नाही, मालकाशी तुम्ही बोलायचं नाही. तारीख ठरवण्याआधी बालगृहात जागा आहे का आणि मुलांची भाषा बोलणारा कुणी आहे का, हे पाहा. बारेली बोलणारं मूल हिंदी प्रश्नाला मान हलवतं आणि पंचनाम्यात ‘स्वेच्छेने आलो’ असं लिहिलं जातं.

तिथे पोहोचल्यावर मुलं आणि मालक पहिल्या मिनिटाला वेगळे. मग वही शोधा. प्रत्येक कारखान्यात एक कच्ची वही असते, बहुतेक वेळा मशीनच्या टेबलाच्या फळीखाली. त्यात नावापुढे डझन आणि पेशगी लिहिलेली असते. ती पंचनाम्यात जप्त व्हायलाच हवी. थकलेली मजुरी आणि वेठबिगारी, दोन्हींचा तोच पुरावा. आमच्या त्या पहिल्या छाप्यात ही वही कुणीतरी ‘कचरा’ म्हणून बाजूला सारली. पुढे मालकाच्या वकिलाने मुलं ‘भाच्याकडे सुट्टीला आलेली’ ठरवली.

वयाचा क्रम कायद्याने ठरलेला आहे : आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी. थेट चाचणीला नेऊ नका. हाडांवरून ठरलेल्या वयात फरक राहतो आणि तेरा वर्षांचा पंधराचा होऊन सुटतो. खरं तर तो सुटत नाही, मालक सुटतो.

२४ तासांच्या आत मूल बाल कल्याण समितीपुढे उभं राहिलं पाहिजे. इथे घाई आणि सबुरी दोन्ही लागतात. दाराशी आईबाप रडत असतात, समितीवर दडपण असतं, आणि ‘ताब्यात द्या’ हा सोपा आदेश असतो. घराची पाहणी करून सामाजिक तपास अहवाल द्यायला १५ दिवस असतात. तो येईपर्यंत ताबा देऊ नये, अशी लेखी विनंती करा. आलेल्या प्रत्येक काका-मामाचं ओळखपत्र मुलाच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवून घ्या. आम्ही हे केलं असतं तर ते तिघे गेले नसते.

गुन्ह्याच्या नोंदीची (एफआयआरची) प्रत त्याच दिवशी हातात घ्या. दंड झाला की तो जिल्ह्याच्या बाल व किशोर श्रमिक पुनर्वास निधीत जातो आणि सरकार त्या मुलामागे आणखी १५,००० घालतं. ही रक्कम मुलाच्या नावे बँकेत राहते. ती मागणाऱ्यालाच मिळते. कोणी आपणहून फोन करून सांगत नाही.

एकटं-दुकटं मूल दिसलं तर एवढा पसारा नको. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी लावा, किंवा बालमजुरीच्या तक्रारींच्या सरकारी ‘पेन्सिल’ पोर्टलवर तक्रार घाला. ती जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

पायरी सातवी : शाळा, आणि घरात येणारे पैसे

बालगृहात राहिलेल्या दोघांतला एक बारा वर्षांचा होता. दप्तरं डझनाने मोजायची सवय, त्यामुळे बाराचा पाढा एकशे चव्वेचाळीसच्याही पुढे तोंडपाठ. सातचा येत नव्हता. वाचता तर अक्षरही येत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा सांगतो की अशा मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. शाळेने त्याला सहावीत बसवलं, प्रशिक्षण दिलंच नाही. तो आठवडाभर मागच्या बाकावर बसला आणि नवव्या दिवशी पळाला. सापडला तो एका शिलाईच्या दुकानातच. “वहाँ मुझे कुछ आता था,” असं म्हणाला.

तेव्हा दाता आणि सरकारने कामं वाटून घ्यायला हवीत. दाखला, पुस्तकं, माध्यान्ह भोजन सरकारचं. विशेष प्रशिक्षणाची शिक्षिका दात्याच्या पैशातून, पण सरकारी शाळेच्याच खोलीत आणि त्याच हजेरीपटावर. वेगळं केंद्र काढू नका. केंद्राचं भाडं संपलं की मूल कुठल्याच पटावर राहत नाही. दुपारी दोन ते सहाचा वर्ग मात्र वस्तीत हवा, ब्राझीलसारखा.

घरात पैसे कमी झाले की मूल कामावर परत जातं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजनात मुलामागे महिना ४,००० रुपये मिळू शकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न गावात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत असावं, आणि जिल्ह्याच्या मंजुरी समितीने होकार द्यावा. मंजुरीला महिने लागतात. तो मधला काळ दात्याने भरायचा. दात्याच्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. पण करारात लिहा की सरकारी हप्ता सुरू झाला की आपला बंद. दोन्ही चालू राहिले तर लेखापरीक्षक तुम्हाला धरतो.

या सगळ्याच्या तळाशी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, आहे. ज्याचं समग्रमध्ये नाव नाही, त्याला मध्यप्रदेशात रेशनची पर्चीही नाही आणि शिष्यवृत्तीही नाही. आईचं नाव आधारवर ‘सुनीता’ आणि समग्रवर ‘सुनिता’ असेल तर एक महिना गेला असं समजा.

पायरी आठवी : अहवाल आणि फोटो

दाता ‘आधी-नंतर’चे फोटो मागणार. देऊ नका. अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठमोरे फोटोही जपून. गल्लीची पाटी दिसली तरी ओळख पटते.

‘किती मुलं मुक्त केली’ हा आकडा अहवालाच्या पहिल्या ओळीतून काढून टाका. त्या जागी लिहा : सुटकेनंतर बारा महिने सलग हजेरी किती जणांची, आणि चोवीस महिन्यांनी किती जणांची. आकडा लाजिरवाणा येतो. आमचा पहिला चौदातला एक होता. तो लिहिला म्हणून एक दाता गेला. दुसऱ्याने विचारलं, “मग काय बदलाल?” तो अजून टिकून आहे.

पायरी नववी : निघून जाणं

दाता जातोच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने बालमजुरीविरुद्धची आपली परदेशातली अनुदानं एका फटक्यात रद्द केली. जगभरात चालू कामं अर्ध्यावर थांबली. तीन वर्षांच्या अनुदानात दीड वर्ष झालं की सोपवणी सुरू करा : प्रत्येक मुलाची फाइल दोन प्रतींत, एक जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात आणि एक शाळेत, शिक्षिकेचं काम जनशिक्षकाच्या (शाळांना भेटी देणाऱ्या सरकारी शिक्षकाच्या) दौऱ्यात, दुपारचा वर्ग वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलींकडे. शेवटचा हप्ता मार्चमध्ये संपू देऊ नका, नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि गळती तिथेच होते. जुलैपर्यंत ओढा.

तो बाराच्या पाढ्यावाला मुलगा सहावीतून पळाला, परत आला, मधे एक वर्ष बुडालं. त्याच्या नावाची आमच्या रोजकीर्दीतली शेवटची नोंद अनुदान संपल्यानंतर चौदा महिन्यांची आहे : ‘दहावी परीक्षा फॉर्म, झेरॉक्स, रु. १२.’ फॉर्मचे पैसे त्याच्या आईने भरले होते.